फुटक्या घागरीचा हिशेब

माझ्या थोरल्या मुलीच्या लग्नात नवरदेव मांडवात येऊन उभा राहिला, आणि आमच्या शेजारच्या दस्तगीरनं त्याच्या छातीला फीत लावली.

शिंप्याकडं असते तीच फीत. आधी छातीचा घेर घेतला. मग मागं जाऊन खांद्यापासून माकडहाडापर्यंत लांबी घेतली. नवरदेवाला वाटलं, मुलीकडचे कोट शिवणार असतील. तो बिचारा हात वर करून उभा राहिला. दस्तगीरनं डोळे मिटले, तोंडातल्या तोंडात गुणाकार केला, भागाकार केला, आणि सगळ्या वऱ्हाडासमोर निकाल दिला.

“छप्पन किलो. जगण्यापुरत्या चार भाकरी. कामाला जुपलासा तर सहा. त्येच्या वर घातलं तर नुसतं पोट सुटंल, काम वाढायचं न्हाय.”

नवऱ्याचा मामा पुढं आला. “आमचा पोरगा काय बैल हाय व्हय?”

“न्हाय वो पावणं,” दस्तगीर म्हणाला. “बैलाचं सोपं असतंय.”

लग्न मोडता मोडता राहिलं. पहिल्या दिवाळीला जावई आला तेव्हा मी मुद्दाम मोजून वाढलं. त्यानं पाच भाकरी खाल्ल्या. त्याच्या घरी तो किती काम करतो ते मला त्यावरून कळलं.

दस्तगीरचं घर कळंब्याला आमच्या घराला लागून. मधे कमरेएवढी भिंत. त्याची बायको लवकर गेली, दोन मुली एक मिरजेला आणि एक निपाणीला दिलेल्या. तो एकटाच राहायचा. मला आक्का म्हणायचा. नोकरी गुरांच्या दवाखान्यात. डॉक्टर सुई टोचणार आणि हा पाय धरणार. जन्मभर त्यानं जनावरांचे पाय धरले, आणि जन्मभर लाथा खाल्ल्या. डोकं मात्र लाथेनं फिरलं नाही. ते फिरलं भाषणानं.

झालं असं. दवाखान्याच्या आवारात एकदा कुठले तरी मोठे साहेब गुरांच्या खुराकावर बोलायला आले. फळ्यावर खडूनं म्हैस काढली होती, आणि फितीनं वजन कसं काढायचं ते दाखवायला शेजारी खरी म्हैस उभी केली होती. खरी म्हैस धरायचं काम दस्तगीरकडं. दुपारची वेळ. जमलेले शेतकरी झाडाखाली बसल्याबसल्या झोपले. भाषण शेवटपर्यंत दोघांनीच ऐकलं, म्हशीनं आणि दस्तगीरनं. म्हशीवर काही परिणाम झाला नाही.

त्या दिवशी तो घरी आला तो भिंतीवर दोन्ही हात ठेवून उभा राहिला. “आक्का, जनावर म्हंजे फुटकी घागर.”

“बरं,” मी म्हटलं. मी मिरच्या निवडत होते.

“वरनं वतायचं आन चार भोकातनं गळायचं. पयलं भोक शेणाचं. दुसरं मुताचं. तिसरं ढेकराचं. चौथं अंगाच्या ऊबंचं. चारी भोकातनं जाऊन जी ऊर्जा ऱ्हाती, ती खरी. त्यातली बी आधी जगण्याला जाती. उभं ऱ्हायचं, श्वास घ्यायचा, माशा हाकलायच्या. त्येच्यातनं उरंल तवा मांस चढायचं न्हायतर दूध यायचं. आत गेलं किती ते इचारू नगं. अंगाला लागलं किती ते इचार.”

मी काहीच विचारलं नव्हतं.

तेव्हापासून ऊर्जा हा शब्द त्याच्या तोंडातून गेला नाही. कुणाच्या घरी जेवायला गेला की पंगतीत ढेकर देणाऱ्याकडं रागानं बघायचा. “पावणं, दाबा. वाया चाललंय.” आमच्याकडं मटणाच्या जेवणानंतर ढेकर दिला नाही तर वाढणारीला वाटतं काहीतरी कमी पडलं. दस्तगीर उठून गेला की लोक मोकळे ढेकर द्यायचे.

कडब्यावर त्याचा विशेष राग. “कडब्यात ऊर्जा हाय, पर चघळण्यातच निम्मी जाती. शाळंगत असतंय ते. लई दिवस बसायचं, हातात कमी यायचं.” मी चौथीपर्यंतच बसले, म्हणजे माझा फार कडबा वाया गेला नाही, असं त्यानंच मला समजावून सांगितलं.

तुरुंगाबद्दल मात्र त्याला फार आदर. कळंब्याचा तुरुंग आमच्यापासून हाकेवर. तिथं माणसाला आत घेताना तोलतात आणि भाकरी मोजून देतात, हे त्याला कुणीतरी सांगितलेलं. “साऱ्या गावात तेवढी एकच जागा शहाणी,” म्हणायचा.

आमच्या मालकांचं आणि त्याचं दोन वर्षं बोलणं नव्हतं. मालक सोप्यात खाटेवर बसून असायचे. काम मीच करायची. दस्तगीरनं त्यांना एकदा लांबून निरखलं आणि मला मोठ्यानं सांगितलं, “आक्का, मालक जगण्यापुरत्या खुराकावर हायत. वाढ न्हाय, दूध न्हाय, वढकाम न्हाय. दोन भाकरी कमी केल्यासा तरी काय फरक पडायचा न्हाय.”

मी एक कमी करून बघितली. फरक पडला नाही. पण मालकांना कळलं.

आता रेडकांचं सांगते. त्यावाचून दस्तगीर कळणार नाही.

आमचं घर गवळ्याचं. माझा पुतण्या ज्ञानू, त्याच्या गोठ्यात तेव्हा पंधरावीस म्हशी. सकाळ-संध्याकाळ म्हशी शहरात नेऊन चौकात उभ्या करायच्या आणि गिऱ्हाईकाच्या समोर चरवीत धार काढायची, ही आमच्याकडची रीत. तालमीतले पैलवान तिथंच उभ्यानं पितात. अशा धंद्यात म्हशीला रेडी झाली तर ठीक, उद्याची म्हैस झाली. नर रेडकू झालं तर ते पिईल तेवढं दूध गेलंच. शेताला रेडा कोण जुंपतो? म्हणून त्याला सडाला लागू द्यायचं नाही. चार-आठ दिवसांत ते आपोआप संपतं. मग त्याच्या कातड्यात भुसा भरायचा आणि ते म्हशीपुढं उभं करायचं. म्हैस त्याला चाटते आणि पान्हा सोडते. सगळ्या गवळ्यांकडं हेच. यात मला तेव्हा काही वावगं वाटत नव्हतं, आणि वाटलं असतं तरी मला कोण विचारत होतं?

दस्तगीर मात्र ज्ञानूच्या गोठ्यात गेला की त्या भुसा भरलेल्या रेडकाकडं बघत उभा राहायचा.

“ज्ञानू, ह्येला रोज चाटायला आई हाय. आन जित्याला न्हाय?”

“मामू, जितं दूध पितंय. ह्ये पीत न्हाय.”

“आरं, एक सड सोड त्येला. चारातला एक. पुढं उसाचं वाढं, कोंडा, गुऱ्हाळाची मळी घाल. वरसात रेडा तयार हुतोय. मिरजंचा खाटीक घेऊन जाईल की.”

“म्हंजे मारायचंच की शेवटी,” ज्ञानू हसला. “मग आठ दिवसात मेलं काय आन वरसानं मेलं काय?”

“मरणार सगळीच,” दस्तगीर म्हणाला. “मी मरणार, तू मरणार. पर उपाशी न्हाय मरायचं. पोट भरून मरायचं.”

दस्तगीरच्या डोक्यात दयेचं खूळ होतं असं समजू नका. रेडा खाटकाकडं जाणार यात त्याला काही वाटत नव्हतं. जन्म मुलाण्याच्या, बकरी कापणाऱ्याच्या घरातला. उपाशी जनावर मात्र त्याला बघवत नसे. ते का, हे मी कधी विचारलं नाही.

त्या दिवशी गोठ्यात दिवाळीच्या पाडव्याची गडबड चालली होती. म्हशींची शिंगं रंगवत होते, गळ्यात कवड्या बांधत होते. गर्दी होती. ज्ञानूला चेष्टा सुचली. त्यानं कोपऱ्यातून एक रेडकू ओढत आणलं. पायात बळ नव्हतं, पुढचे गुडघे टेकत होतं.

“घे मामू. टेकलंय मरायला. तुझ्या त्या ऊर्जंनं ह्येला वाढीव. पुढल्या दिवाळीला किती भरंल ते आत्ता सांग. तेवढं भरलं तर माझ्या गोठ्यातल्या हरेक रेडकाला एक सड सोडीन. माझंच न्हाय, साऱ्या गल्लीचं सांगतो.”

दस्तगीरनं फीत काढली. रेडकाला मापलं. डोळे मिटले.

“दोनशे किलो.”

“कमी भरलं तर?”

“भरायचं न्हाय.”

“आन जास्त भरलं तरी तू हरलास बरं का,” ज्ञानू म्हणाला. तो लबाड आहे, लहानपणापासून. “अंदाज कुणीबी करतंय. तू हिशेब म्हंतोस. हिशेब म्हंजे हिशेब.”

“व्हय,” दस्तगीर म्हणाला. “हिशेब म्हंजे हिशेब.”

रेडकू त्यानं खांद्यावर टाकून घरी आणलं. आमच्या म्हशीचं दूध मी दिलं थोडे दिवस. ते जगलं. नाव त्यानं ठेवलं नाही. “नाव ठेवलं की हात सैल सुटतोय, आक्का.” तो त्याला ‘ह्यो’ म्हणायचा.

ह्यो वाढायला लागला. वाढं किती, कोंडा किती, पेंड किती, मळी किती, सगळं दस्तगीरच्या डोक्यात. थंडी पडली तेव्हा त्यानं त्याच्या पाठीवर स्वतःची वाकळ शिवून बांधली, कारण थंडीत ऊबेच्या भोकातून जास्त जातं. मग ह्यो वाकळ पांघरून तळ्यावर जायला लागला. येणारेजाणारे थांबून बघायचे. उन्हाळ्यात त्यानं ह्योला चालायलाच बंदी केली. चालण्यात जाते म्हणून. पाणी तळ्यावरून डोक्यावर वाहून आणायचा. “तू चालतोस त्यात जात न्हाय व्हय?” मी विचारलं. “मला कोण तोलणार हाय?” म्हणाला.

आठवड्याला फीत लावायचा. होळीपर्यंत सगळं बरोबर चाललं होतं. होळीनंतर एक दिवस तो तोंड पाडून भिंतीशी आला.

“आक्का, जास्त भरतंय.”

“मग बरं की.”

“बरं न्हवं! ऊर्जा कुठनं येती? म्या घातली त्येच्या परास जास्त येती. हवंतनं ऊर्जा येत न्हाय. कुणीतरी घालतंय.”

फीत सैल पडली असेल म्हणून तो रस्त्यावर गेला आणि आधी मापलेला मैलाचा दगड पुन्हा मापून आला. दगड होता तेवढाच होता. मग त्यानं शेण तपासायला घेतलं. मी बघितलं आहे. उकिडवा बसून काडीनं शेण उकलत होता आणि तोंडानं “हं, हं” करत होता. दुसऱ्या दिवशी सकाळी एका पोत्याच्या तुकड्यावर शेणाचा पो घेऊन तो गल्लीत दारोदार फिरला.

“ही डाळ कुणाची?”

शेणात हरभऱ्याची डाळ होती. पुरणाची.

बायका दारात येऊन बघायच्या आणि नाकाला पदर लावून आत जायच्या. शांताबाईच्या दारात तो थांबला. डाळ बोटानं दाबली. “ही निम्मी कच्ची हाय. म्हंजे शांताबाई, तुमचीच.”

“माझी डाळ कच्ची?” शांताबाई ओरडली. “आन ती बी शेणात बघून सांगतोयस मला, मुडद्या?”

“अख्खी भाईर आली न्हवं. शिजली असती तर अंगाला लागली असती.”

गल्ली जमली. भांडण वाढलं, आणि भांडणात खरं बाहेर पडलं. एकट्या शांताबाईचं नव्हतं. पहिली भाकरी गाईची, हा आपल्यात रिवाज. पण आमच्या गल्लीत सगळ्या म्हशी. गाय एकही नाही. पूर्वी बायका गाईचा घास घेऊन लांब देवळापर्यंत जायच्या. आता दारातच एक वाकळ पांघरलेलं, धुतलेलं, शांत जनावर बांधलेलं. पाठीवर वाकळ, त्यामुळं गाय की रेडा हे देवालाही चटकन कळू नये. प्रत्येकीला वाटायचं आपण एकटीच देतो. अशा सात-आठ घरच्या भाकरी ह्योच्या पोटात जात होत्या. एकीनं तर सांगितलं, तिची सासू अंथरुणाला खिळलेली, आणि रेडा हे यमाचं वाहन, म्हणून ती त्याला रोज तूप लावून पोळी घालत होती. यम लवकर यावा म्हणून की उशिरा यावा म्हणून, ते मी विचारलं नाही.

दस्तगीरनं कपाळावर हात मारला. “अल्ला! गाईचं खाऊन रेडा माजतोय.”

हिशेब राखायचा म्हणून त्यानं बायकांना सांगितलं, घास घालायचा तर आधी माझ्या हातावर ठेवा, मी तोलीन आणि तेवढी पेंड कमी करीन. बायका भडकल्या. गाईचा घास काय तोलून देतात? सगळ्यांनी ह्योला घालायचं बंद केलं आणि माझ्या म्हशीला घालायला लागल्या. माझ्या म्हशीचं दूध वाढलं. मी काही बोलले नाही.

गल्ली बंद झाली. तरीही ह्यो जास्तच भरत होता. आधीइतका नाही, पण आठवड्याला थोडं थोडं. दस्तगीरची झोप उडाली. त्यानं गव्हाणीला झाकण केलं. शेणात आता डाळ सापडत नव्हती. मग एक दिवस त्यानं मन घट्ट केलं आणि पेंडीची पाटी अर्धी करून ठेवली. जास्त भरतंय तर कमी घालायचं, सरळ गोष्ट. ह्योनं पाटी चाटून पुसून संपवली, मान वर केली आणि त्याच्याकडं बघून रेकला. दस्तगीर तिथंच उभा. पुन्हा रेकला. दस्तगीर आत गेला आणि उरलेली अर्धी पाटी घेऊन आला.

“मर्दा, दोनशेच्या वर गेलास तर तुझी भावंडं मरतील की रं,” त्याला सांगत होता. “ज्ञानू एक थेंब सोडायचा न्हाय.” ह्यो खात होता.

दिवाळी आली. पाडवा झाला, म्हशींची मिरवणूक झाली, आणि मग ज्या दिवशी गुळाच्या पेठेतला गाड्या तोलायचा काटा उघडला त्या दिवशी सगळी गवळी गल्ली तिथं लोटली. मीही गेले. दस्तगीरनं धुतलेली पैरण घातली होती. तोंडावर रंग नव्हता. फितीनं त्याला दोनशेच्या वरचा आकडा सांगितलेला, हे त्याला आणि मला, दोघांनाच माहीत होतं. फीत खोटी ठरावी म्हणून तो नमाज पढून आला होता.

ज्ञानूनं कासरा ओढला. ह्यो लोखंडी पत्र्यावर पाय ठेवीना. पत्रा वाजला की मागं यायचा. चौघांनी मागून रेटा दिला. शेपूट पिरगाळली. हलला नाही.

“मामू, तूच चढ,” काटेवाला म्हणाला. “तुझं वजन वजा करू.”

दस्तगीर पत्र्यावर जाऊन उभा राहिला आणि नुसतं “ये” म्हणाला. ह्यो तरातरा गेला आणि त्याच्या काखेत तोंड घालून उभा राहिला.

काटेवाल्यानं दांडीवरचं वजन सरकवलं. दांडी सरळ झाली. “दोनशे सत्तर. तुझं किती, मामू?”

“सत्तर,” दस्तगीर म्हणाला. “गेल्या दिवाळीला फितीनं मापलंय.”

मग एकदम आरडाओरडा झाला. दोनशे! जास्त नाही, कमी नाही! पोरांनी दस्तगीरला उचलला. ज्ञानूनं स्वतः वाकून आकडा बघितला, पुन्हा बघितला, आणि पटका काढून डोकं खाजवलं. लबाड असला तरी गवळ्याचा शब्द आहे. “दिला एक सड,” म्हणाला. “समद्या गल्लीचा.” त्याच संध्याकाळी त्याच्या गोठ्यात आठवड्याचं एक रेडकू होतं. मी उभी राहून बघितलं. पहिल्यांदा सड तोंडात धरायलाच येईना त्याला. मग लागलं.

दुसऱ्या दिवशी दस्तगीर भिंतीशी आला तो पहाटेच्या कोंबड्यासारखा. “बघितलंस, आक्का? फीतच खोटी. हिशेब खरा. हवंतनं ऊर्जा येत न्हाय!”

मी त्याच्याकडं बघितलं. कालपासून मला एक गोष्ट खुपत होती. पोरांनी त्याला फार सहज उचलला होता. पैरण अंगात घातल्यासारखी नव्हती, खुंटीला टांगल्यासारखी होती.

“दस्तगीर, फीत हाय का जवळ?”

“असती की.”

“सवताला लाव.”

तो हसला. मग त्यानं छातीला फीत लावली. मग मला म्हणाला, आक्का, जरा मागनं टोक धर. मी धरलं. त्यानं डोळे मिटले. डोळे उघडले तेव्हा हसू गेलेलं.

“एकोणसाठ.”

“मग रेडा किती?”

“दोनशे अकरा,” तो हळू म्हणाला. भिंतीवर हात टेकला. “फीत खरं सांगत हुती. अकरा किलो कुठनं आलं?”

“तुझ्यातनं.”

“तसं व्हत न्हाय, आक्का. मधी चार भोकं हायत. माझं अकरा गेलं तर त्येला दोन लागलं पायजेत.”

“मग भोकं बुजवून खाल्लं असंल त्येनं. दररोज दुपारी गोठ्यात ताट घेऊन बसतोस. एक घास तुला, एक त्येला. भाकरी मोडून निम्मी तुझी, निम्मी त्येची. पावसाळ्यापासनं बघतोय मी हितनं. ती हिशेबात धरलीस का कधी?”

मला खरंच वाटलं होतं की त्यानं ती धरली असणार. जो माणूस शेणातला डाळीचा दाणा सोडत नाही, तो स्वतःची भाकरी सोडेल असं कुणाला वाटेल?

मी काहीतरी वेड्यासारखं बोलले असं त्याचं तोंड झालं.

“ती वैरण न्हवं, आक्का,” म्हणाला. “ते जेवण. जेवताना कोण मोजतंय?”

मग तो पायात वहाणा घालायला लागला.

“कुठं निघालास?”

“ज्ञानूकडं. हिशेब चुकला म्हणून सांगतो. म्या खोटं बोललो काट्यावर.”

“बस खाली. ह्या भिंतीपल्याड गेलास तर पाय मोडतो तुझं.”

“आक्का, हिशेब म्हंजे...”

“रेडकू लागलंय काल सडाला. त्येला सोडीव जा आन सांग हिशेब.”

तो एक वहाण पायात, एक हातात घेऊन तसाच बसून राहिला. मग वहाण काढून ठेवली. ज्ञानूला आजपर्यंत ठाऊक नाही. आता तो हे वाचणार नाही, त्याला दुकानाची पाटीसुद्धा नीट वाचता येत नाही.

पुढच्या आठवड्यात मिरजेचा खाटीक येऊन ह्योला घेऊन गेला. दस्तगीर रडलाबिडला नाही. टेंपोत स्वतः चढवलं, पाण्याची बादली ठेवली, वाटेत किती पाजायचं ते सांगितलं. वाकळ काढून घेतली आणि धुऊन वाळत घातली.

मग गोठा रिकामा राहिला. मला वाटलं, आता दुसरं रेडकू येईल. तो ज्ञानूच्या गोठ्यात रोज जायचा, सडाला लागलेली रेडकं बघायचा, आणि तसाच परत यायचा. महिना गेला. एक दिवस मी विचारलं, “आणत का न्हाईस एखादं?”

“कुठलं आणू? आता टेकत न्हाईत ती,” म्हणाला. “आईपाशी हायत.”

त्यात त्याला आनंद होता. पण दुपारी मी भिंतीवरून बघितलं तर ताट पुढं होतं आणि हा नुसता बसलेला. भाकरीला हात लागलेला नव्हता.

“दस्तगीर,” मी हाक मारली, “ताट घिऊन हिकडं ये. मी बी एकटीच जेवतोय. मालक झोपल्यात.”

आला. परड्यात पिंपळाच्या सावलीला बसलो, तो तिकडं, मी इकडं. जेवताना मला बोलायला आवडत नाही आणि तोही बोलला नाही. त्यानं भाकरी घेतली, मधोमध मोडली, आणि न बघता निम्मी माझ्या पुढं धरली. धरल्यावर त्याच्या लक्षात आलं. हात तसाच राहिला, मागंही घेता येईना.

माझं जेवण होत आलं होतं. भूक नव्हती. मी ती घेतली आणि खाल्ली.